आधी उतार, मग चढ

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला सिडनीतली भटकंती उलटी वाटते. आपल्याकडे पायथ्याच्या गावात एसटीतून उतरायचं, मान वर करून गड बघायचा आणि दम लागेस्तोवर चढायचं. वर पिठलं-भाकरी, टाक्यातलं गार पाणी, आणि मग सगळी मेहनत संपली या आनंदात घसरत-हसत खाली. सिडनीच्या उपनगरात गाडी वरच लागते. विटांची घरं, नीट कापलेली हिरवळ, लाल-पिवळ्या झाकणांचे कचऱ्याचे डबे, आणि दोन कुंपणांच्या मधून आत शिरणारी बोळासारखी वाट. थोडं चाललं की रस्त्याचा आवाज मागे पडतो आणि दगडी पायऱ्या खाली उतरायला लागतात. ताजेतवाने असताना उतार, पाय भरून आल्यावर चढ.

मोठ्यांना याचं फारसं काही वाटत नाही. चार वर्षांच्या मुलाला वाटतं. उतरताना ते सगळ्यांच्या पुढे धावतं, ओढ्यात दगड टाकतं, आणि परत फिरल्यावर तिसऱ्या पायरीवर बसकण मारून ‘बाबा, अजून किती?’ सुरू करतं. इथले मुरलेले आईबाप म्हणून खाऊचा डबा खाली ओढ्यापाशी उघडतच नाहीत. चढाच्या मध्यावर एखादा सपाट खडक हेरून ठेवतात. शंकरपाळी आणि सफरचंदाच्या फोडी तिथे निघतात. पोरगं खाऊच्या ओढीने अर्धा चढ चढतं आणि खाऊच्या जोरावर उरलेला.

वेस्टमीड, वेंटवर्थव्हिल, पॅरामॅटा या पट्ट्यात मराठी घरं भरपूर आहेत. शनिवारी मराठी शाळा, रविवारी कुणाचं तरी केळवण नाहीतर डोहाळजेवण, आणि मधल्या मोकळ्या सकाळी ‘बुशवॉकला जाऊ या का?’ असा व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप. रानाला इथे सगळेच बुश म्हणतात, आपली माणसंही. हे रान लांब नसतं, घरापासून दहा-पंधरा मिनिटांवर असतं. पन्नास लाखांहून जास्त वस्तीच्या शहरात घरांच्या मागच्या बाजूला इतकं रान शिल्लक कसं राहिलं, हा प्रश्न नव्याने आलेल्याला पडतोच. अर्धं उत्तर त्या उलट्या उतारातच आहे.

सिडनी वालुकाश्मावर बसलेलं शहर आहे. हॉक्सबरी वालुकाश्म हा इथला मूळ खडक, वय तेवीस-चोवीस कोटी वर्षं. साडेसहा कोटी वर्षांचा आपला काळा बसाल्ट त्याच्यापुढे पोरच म्हणायचा. एका महाकाय नदीने आणून टाकलेली ही वाळू. खडकाच्या कापलेल्या कडेला त्या प्रवाहाच्या तिरक्या रेघा अजून दिसतात आणि मुलं त्यांवरून बोट फिरवत बसतात. या वालुकाश्मावर, उंचवट्यांच्या माथ्यावर, शेलचा थर आहे. शेलची माती कसदार, वालुकाश्माची कमालीची निकस. १७८८ मध्ये इंग्रजांची वसाहत आली आणि त्यानंतर शेतं, फळबागा, रस्ते, रेल्वे आणि शेवटी बंगले हे सगळं माथ्यावरच्या सपाट, कसदार जमिनीवर चढलं. वालुकाश्मात कोरलेल्या दऱ्यांमध्ये ना नांगर चालत होता ना गाडा. जे कुणाला नको होतं ते उरलं. उपनगरातलं रान आज सुंदर दिसतं म्हणून कुणी राखलं, असा समज करून घेण्याचं कारण नाही. निदान सुरुवातीला तरी ते निरुपयोगी ठरल्यामुळे वाचलं.

माथ्यावरच्या रानाचं काय झालं, ते आकड्यात सांगता येतं. ब्लू गम जातीच्या निलगिरींचं उंच, घनदाट अरण्य सिडनीच्या उत्तरेकडच्या शेलवर पसरलेलं होतं. त्यातलं आज पाच टक्क्यांहूनही कमी शिल्लक आहे आणि सरकारदरबारी त्याची नोंद ‘अति धोक्यात’ अशी आहे. ते कसं होतं याची कल्पना यायला वेस्ट पेनंट हिल्सच्या कंबरलँड स्टेट फॉरेस्टमध्ये जावं. चाळीस हेक्टरांचं हे राखीव जंगल १९३८ मध्ये सरकारने विकत घेतलं. ऑस्ट्रेलियात महानगराच्या हद्दीत असलेलं एवढं एकच सरकारी वन. आधी काही भागात तोड झालेली होती. तिथे वनखात्याने ठिकठिकाणच्या जातींची झाडं लावून वृक्षसंग्रह केला. मधे कॅफे, रोपवाटिका, सहलीची बाकं. हे माथ्यावरचं रान असल्यामुळे इथे चढ-उतार बेताचा आहे. आजी-आजोबा भारतातून नुकतेच आलेले असतील, विमानप्रवासाने पाय सुजलेले असतील, तर त्यांना आधी इथेच आणावं.

पण मला कुटुंबासाठी एकच जागा निवडायला सांगितली तर मी लेक पॅरामॅटा निवडेन. पॅरामॅटाच्या भर बाजारपेठेपासून जेमतेम दोन किलोमीटरवर ७३ हेक्टरांचं हे रान आहे आणि त्याच्या पोटात तळं. इथे एक मोठी सोय अशी, की उतार गाडीच उतरते. थेट पाण्याजवळ गाडी लावता येते, समोर हिरवळ, कॅफे, स्वच्छतागृह, मुलांचं खेळायचं मैदान. सुट्टीच्या दिवशी इथे सगळं जग भेटतं. एका झाडाखाली लेबनीज कुटुंबाचा कबाबांचा धूर, शेजारी चिनी आजी ताई-ची करताहेत, पलीकडे गुजराती मंडळींचा थेपला-छुंदा, आणि आपली मंडळी स्टीलचे डबे उघडून ‘चटणी राहिलीच का गं घरी?’ म्हणून एकमेकींना विचारताहेत.

बरेच जण त्या हिरवळीवरूनच परत जातात, आणि याचं मला नेहमी नवल वाटतं. खरी मजा पलीकडे आहे. तळ्याला वळसा घालणारी वाट सव्वाचार किलोमीटरच्या आसपास आहे. लहान मुलं बरोबर असली तर तिला दोन तास सहज लागतात. थांबत-थांबत गेलं तर त्याहूनही जास्त. बाबागाडी चालत नाही. खडकांवरून चढउतार, झाडांची वर आलेली मुळं, मधेच वाकून जावं लागेल अशी कपार. जिथे हंट्स क्रीक तळ्यात शिरतो तिथे ओढा ओलांडायचा असतो, आणि आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर बूट ओले होणार हे धरूनच चालायचं. सगळी फेरी झेपणार नसेल तर छोट्या वाटाही आहेत. अर्ध्यातून फिरण्यात कमीपणा नाही. मुलांबरोबरच्या चालण्याचा माझा एकच नियम आहे: त्यांचा आनंद टिकून असतानाच मागे वळायचं.

या तळ्याचं धरण पाहण्यासारखं आहे. घडीव वालुकाश्माची, कमानीसारखी वळलेली भिंत, १८५६ मध्ये पुरी झालेली. ऑस्ट्रेलियातलं हे पहिलं कमानी धरण आणि जगातल्या अशा जुन्या धरणांपैकी एक. पुण्यात खडकवासल्याच्या कामाला हात लागला त्याच्या डझनभर वर्षं आधीचं. साधी भिंत स्वतःच्या वजनावर पाणी अडवते. ही आपल्या वळणावर अडवते, पाण्याचा रेटा दोन्ही बाजूंच्या खडकांवर ढकलून देते. त्यामुळे ती पातळ ठेवता आली. पुढे १८९८ मध्ये तिची उंची वाढवली. १९०९ पर्यंत पॅरामॅटाचं पिण्याचं पाणी इथून जायचं. मग दुसरी व्यवस्था झाली, धरण बिनकामाचं झालं, आणि पाणलोट क्षेत्र म्हणून राखलेलं भोवतीचं रान आयतं उरलं. पुन्हा तेच: निरुपयोगी झालं म्हणून वाचलं. मधली कित्येक वर्षं पोहायला बंदी होती. २०१५ मध्ये ती उठली, आणि उन्हाळ्यात जीवरक्षक हजर असतात तेव्हा ठरलेल्या भागात मुलं पाण्यात उतरतात.

दिवाळीत इथे वसंत असतो. तेव्हा अँगोफोराची झाडं साल टाकायला लागलेली असतात. हे निलगिरीचं चुलत भावंड. जुनी राखाडी साल ढलप्याढलप्यांनी गळते आणि आतून केशरी-गुलाबी अंग निघतं. हात लावला तर गार आणि गुळगुळीत. फांद्या कोपरातून मोडल्यासारख्या वाकड्यातिकड्या, आणि बुंधा खडकावर असा ओघळलेला की झाड कुठे संपलं आणि दगड कुठे सुरू झाला ते कळू नये. आणखी एक झाड मुलांना दाखवावं असं: स्क्रिबली गम. त्याच्या पांढऱ्या खोडावर कुणीतरी पेन्सिलीने गिरगोटल्यासारख्या नागमोडी रेघा असतात. एका बारीक पतंगाची अळी सालीच्या आत कुरतडत जाते, एका जागी वळसा घेते आणि आपल्याच रेघेला समांतर परत येते. वरची साल गळली की तो सगळा प्रवास उघडा पडतो. मुलं आधी विचारतात, ‘हे कुणी लिहिलं?’ आणि खरं उत्तर सांगितलं तर विश्वास ठेवत नाहीत.

बँक्सियाच्या झाडाची वाळकी, खवल्याखवल्यांची बोंडं हातात घेतली की ऑस्ट्रेलियात जन्मलेली मुलं ‘बॅड बँक्सिया मेन!’ म्हणून ओरडतात. मे गिब्ज या लेखिका-चित्रकर्तीने १९१८ मध्ये ‘स्नगलपॉट अँड कडलपाय’ या पुस्तकात निलगिरीच्या फळांची गुबगुबीत बाळं रंगवली आणि बँक्सियाच्या बोंडांचे दुष्ट राक्षस. शंभर वर्षांनी वेंटवर्थव्हिलच्या जोशी-पाटलांच्या नाती त्या राक्षसांना भितात. परक्या मातीत पोर रुजल्याची याहून मोठी खूण मला तरी माहीत नाही.

मुलांच्या दृष्टीने मात्र सगळ्यात मोठा नट म्हणजे ब्रश टर्की. काळा पक्षी, लाल बोडकं डोकं, गळ्यात पिवळी झालर. काही वर्षांपूर्वीपर्यंत तो सिडनीच्या वस्तीत विरळा होता. आता अंगणांत शिरून भाजीचे वाफे उकरतो आणि कायद्याचं संरक्षण असल्यामुळे घरमालकाला हात चोळत बसावं लागतं. नर पायांनी पाला मागे फेकत-फेकत एक ढीग रचतो. हा ढीग चार मीटर रुंद आणि माणसाच्या कमरेहून उंच होऊ शकतो. पाला कुजायला लागला की आत ऊब तयार होते आणि माद्या येऊन त्यात अंडी पुरून जातात. अंड्यांवर कुणी बसत नाही. नर चोच आत खुपसून ऊब तपासतो, साधारण ३३ ते ३५ अंश सेल्सिअस राहील अशा बेताने पाला वर चढवतो किंवा उकरून टाकतो. पिल्लू आतच फुटतं, स्वतः ढीग उकरून बाहेर येतं आणि कुणाकडेही न बघता झुडपात निघून जातं. आईही नाही, बापही नाही. एका मराठी आजींनी हे ऐकून ‘अगं बाई, सोळा संस्कार राहू देत, एक तरी!’ म्हणून कपाळाला हात लावला होता.

आता भीतीचं बोलू, कारण भारतातून आलेले आजी-आजोबा पहिला प्रश्न तोच विचारतात. साप आहेत. लाल पोटाचा काळा साप पाण्याजवळ दिसतो, वसंतात जास्त. पाय आपटत, बोलत चाललं की तो आपण होऊन सरकतो. चावलाच तर धुवायचं नाही, चालायचं नाही; चावलेला हात किंवा पाय पूर्ण लांबीचा रुंद इलॅस्टिक बँडेजने घट्ट गुंडाळायचा, हलू द्यायचा नाही आणि ०००ला फोन करायचा. ही पद्धत आणि फनेल-वेब कोळ्याच्या विषावरचा उतारा, दोन्ही स्ट्रुअन सदरलँड या डॉक्टरांचं काम. उतारा १९८१ मध्ये आला आणि तेव्हापासून त्या कोळ्यामुळे कुणी दगावल्याची नोंद नाही. खरा त्रास गोचिडीचा. घरी आल्यावर मुलांच्या कानामागे, केसांच्या कडेला बोटं फिरवून पाहायची. सापडली तर ओढायची नाही. जागच्या जागी गोठवून मारण्याचा फवारा औषधाच्या दुकानात मिळतो. पावसानंतर जळवा असतात, पण कोकणातल्या पावसात भटकलेल्यांना त्यांची ओळख करून द्यायला नको.

लेक पॅरामॅटाच्या वाटेवर नीट पाहिलं तर घरांच्या बाजूचं रान आणि आतलं रान यांत फरक दिसतो. आत माती कोरडी, झुडपं काटक, पानं बारीक आणि राठ. कुंपणांच्या आणि पाण्याच्या नळांच्या तोंडाशी मात्र सगळं गच्च हिरवं. नवख्याला वाटतं, किती छान वाढलंय! तिथेच रानाचं दुखणं आहे. बँक्सियासारखी झाडं कोट्यवधी वर्षं निकस मातीवर जगायला शिकली. फॉस्फरस जरा जास्त झाला तरी ती मरतात. आणि माथ्यावर काय आहे? घरं. हिरवळीचं खत, गाड्या धुतल्याचा साबण, कुत्र्यांची घाण, गटारांचं पावसाळी पाणी हे सगळं उताराने खाली रानात येतं. सोबत बागांतली पळून आलेली झाडंही येतात: प्रिव्हेट, ट्रॅड नावाचा सरपटणारा वेल, आणि आपली ओळखीची घाणेरी. हो, टणटणीच. दक्षिण अमेरिकेतून बागेची शोभा म्हणून निघालेली ही बाई सह्याद्रीत जशी पसरली तशीच इथेही, आणि इथल्या राष्ट्रीय पातळीवरच्या उपद्रवी तणांच्या यादीत जाऊन बसली. अंगणांत बागडणारी साळुंकीही भारतातून आणून सोडलेली. तिलाही इथे कुणी प्रेमाने बघत नाही. परदेशात गेलेले आपले नातेवाईक सगळेच नाव काढतात असं नाही.

पाणी खाली येतं, त्याला आवरणारं एक बांधकाम शेजारच्या बिजिगल रिझर्व्हमध्ये आहे. बाल्कम हिल्स, कॅसल हिल आणि नॉर्थ रॉक्स यांच्या मधल्या दरीत डार्लिंग मिल्स क्रीकच्या काठाने हे रान पसरलंय. त्याचं नाव बिजिगल या इथल्या मूळ रहिवाशांवरून. १७९०च्या दशकात इंग्रजांविरुद्ध लढत राहिलेला आणि १८०२ मध्ये गोळी घालून मारलेला पेमुल्वाय त्यांच्यातलाच. इथे लॉयल्टी रोडजवळ ओढ्यावर काँक्रीटची उंच भिंत उभी आहे आणि तिच्यामागे एरवी तळं-बिळं काही नाही. मुसळधार पाऊस झाला की ती पाणी तात्पुरतं अडवून धरते आणि हळूहळू सोडते, म्हणजे खाली पॅरामॅटात पूर कमी चढतो. माथ्यावर डांबर आणि छपरं वाढली तसं मुरणारं पाणी कमी झालं आणि वाहणारं वाढलं. रानाच्या दरीत ही भिंत त्यामुळे घालावी लागली. वाटा इथे लांब आहेत, फलक मोजके. आठ-दहा वर्षांच्या मुलांना आवडेल, त्याहून लहानांना घेऊन जाण्याच्या फंदात पडू नये.

तणाशी झुंजण्याची इथली पद्धत दोन बहिणींनी घालून दिली. जोन आणि आयलीन ब्रॅडली, राहणार मॉसमन. १९६०च्या दशकात त्या घराजवळच्या रानात रोज फिरायच्या आणि फिरता-फिरता तण उपटायच्या. त्यांच्या लक्षात आलं की नगरपालिकेची माणसं घाणेरीचं आख्खं बेट साफ करतात तेव्हा उघड्या पडलेल्या मातीत पहिल्यापेक्षा जास्त तण येतं. मग त्यांनी उलटं केलं. जिथे रान सगळ्यात चांगलं आहे तिथून सुरुवात करायची आणि वाईटाकडे सरकायचं. माती कमीत कमी हलवायची, वरचा पाला परत जागेवर पसरायचा. आणि मूळचं रान जेवढ्या वेगाने भरून येईल तेवढ्याच वेगाने पुढे जायचं, घाई करायची नाही. आपली सहज प्रवृत्ती याच्या नेमकी विरुद्ध असते. आपण सगळ्यात घाणेरडा कोपरा पकडतो, एका रविवारी तो लख्ख करतो, फोटो काढतो. त्या बहिणींना हे सामाजिक कार्य मुळीच पटलं नसतं.

आज सिडनीतल्या नगरपालिका ‘बुशकेअर’ नावाने स्वयंसेवकांचे गट चालवतात. महिन्यातली एखादी सकाळ, दोन-तीन तास, हातमोजे आणि अवजारं नगरपालिकेची, सोबत एक जाणकार पर्यवेक्षक आणि मधे चहा-बिस्किटं. बहुतेक सगळे साठीच्या पुढचे. भारतीय चेहरे अजून कमी दिसतात, हे नोंदवायला हवं. गणपतीच्या आरतीला हॉल भरवणाऱ्या आपल्या मंडळांना हे काही अवघड नाही. अशा एका सकाळी सांगलीहून मुलाकडे आलेले एक आजोबा सुनेबरोबर आले होते. त्यांना कामाचं नाव कळलं नव्हतं, पण घाणेरी दिसल्याबरोबर त्यांनी बाह्या सरसावल्या. बांध साफ करण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. दहा मिनिटांत त्यांनी मोठं झुडूप मुळासकट ओढायला घेतलं तेव्हा पर्यवेक्षक बाई धावत आल्या. बारीक पक्षी त्यात लपतात, शेजारी देशी झुडपं वाढेपर्यंत हे असंच राहू द्यायचं, एवढीच फांदी कापायची, बुंध्याला लगेच औषध लावायचं. सुनेने मराठीत समजावलं. आजोबा म्हणाले, ‘म्हणजे शत्रूलाच भाडेकरू ठेवायचं म्हणतेस की गं!’ आणि मग नाखुशीने का होईना, तेवढीच फांदी कापली.

पाणी, साबण आणि तण वरून खाली येतात. एक गोष्ट मात्र खालून वर जाते. वणवा. उतार दर दहा अंशांनी वाढला की चढणाऱ्या आगीचा वेग साधारण दुप्पट होतो असा इथल्या अग्निशमन दलांचा ठोकताळा आहे. दरीत रान आणि माथ्यावर घरं ही रचना म्हणूनच ऐन उन्हाळ्यात धोक्याची. १९९४च्या जानेवारीत लेन कोव्ह राष्ट्रीय उद्यानाचा बराचसा भाग जळाला. चहूबाजूंनी उपनगरांनी वेढलेलं, १९३८ मध्ये खुलं झालेलं हे उद्यान. त्या हंगामात राज्यभर मिळून दोनशेहून अधिक घरं गेली. आता थंडीत मुद्दाम, आटोक्यातली आग लावून रानातला सुका पाला कमी करतात, आणि मूळ रहिवाशांची थंड, बुटक्या ज्वाळांची पद्धत पुन्हा शिकून घेतली जातेय. जळलेल्या तुकड्यातून काही महिन्यांनी मुलांना अवश्य न्यावं. काळ्या खोडांतून थेट लालसर पालवी फुटलेली असते, आणि बँक्सियाच्या त्या राक्षसांनी तोंडं उघडून बिया सोडलेल्या असतात. आगीच्या आचेशिवाय त्यातली बरीचशी उघडत नाहीत.

म्हणून उन्हाळ्यात निघण्याआधी त्या दिवसाचा वणव्याचा धोका पाहायचा. २०२२च्या सप्टेंबरपासून त्याच्या चारच पायऱ्या आहेत: मॉडरेट, हाय, एक्स्ट्रीम, कॅटॅस्ट्रॉफिक. शेवटच्या दोन असतील तर रानाचं नावच काढायचं नाही; बऱ्याच ठिकाणी वाटाच बंद ठेवतात. पश्चिम सिडनीचा उन्हाळा तसाही चेष्टा करण्यासारखा नाही. ४ जानेवारी २०२० ला पेनरिथमध्ये पारा ४८.९ अंशांवर गेला होता. वाटांनाही एक ते पाच अशी प्रत असते. पहिली म्हणजे सपाट, पायऱ्या नाहीत, व्हीलचेअरलाही चालेल. दुसरीत थोड्या पायऱ्या. तिसरीत पायऱ्या भरपूर आणि मधे खडे चढ. चार-पाच वर्षांच्या मुलाला तिसऱ्या प्रतीच्या वाटेचा तुकडा झेपतो, पूर्ण वाट नाही. चौथी-पाचवी सध्या विसरा.

निरुपयोगी म्हणून वाचलेलं रान जमिनीचे भाव वाढले की निरुपयोगी राहत नाही. तेव्हा ते कुणीतरी वाचवावं लागतं. लेक पॅरामॅटाचं पाणी हंट्स क्रीकमधून डार्लिंग मिल्स क्रीकला, तिथून पॅरामॅटा नदीला आणि नदीतून बंदराकडे जातं. नदी बंदरात मिसळते त्या बाजूला, हंटर्स हिलच्या भूशिरावर केलीज बुश नावाचं चिमुकलं रान आहे, पाच हेक्टरांच्या आतबाहेर. शेजारी पूर्वी धातू वितळवण्याचा कारखाना होता. तो बंद पडल्यावर एका बांधकाम कंपनीने तिथे महागडी घरं बांधायचं ठरवलं. १९७० मध्ये परिसरातल्या तेरा गृहिणी एकत्र आल्या. अर्ज केले, मंत्र्यांना भेटल्या, कुणी दाद दिली नाही. मग त्यांनी बांधकाम मजुरांच्या संघटनेचं दार ठोठावलं. बंगल्यांत राहणाऱ्या बायका आणि डाव्या विचारांचे कामगार! संघटनेचे नेते जॅक मंडी यांनी अट घातली, आधी लोकांची सभा भरवून दाखवा. सभा भरली, शेकडो लोक आले, आणि १९७१च्या जूनमध्ये मजुरांनी जाहीर केलं की या रानावर काम करणार नाही. बिगरसंघटित मजूर आणून काम उरकू असा विचार कंपनीच्या बाजूने पुढे आला तेव्हा तिच्याच दुसऱ्या, अर्धवट उभ्या इमारतीवरच्या कामगारांनी सांगितलं, तिथे एक झाड पडलं तर ही इमारत कायमची अर्धवट राहील. जगातली ही पहिली ‘ग्रीन बॅन’ मानली जाते. १९८३ मध्ये राज्य सरकारने जमीन ताब्यात घेतली आणि रान सगळ्यांचं झालं. पुढे १९८६ मध्ये शहरांतल्या अशा रानांसाठी राज्याने स्वतंत्र नियोजन धोरणच आणलं.

केलीज बुशला मुलांबरोबर जायचं तर सर्क्युलर की धक्क्यावरून वूलविचची फेरीबोट पकडा. बोटीमुळे निम्मी सहल तिथेच वसूल होते. वूलविचच्या धक्क्यावरून चालत जाताना खडक कापून केलेली जुनी गोदी लागते, तिथे मुलं हमखास थांबतात. रानातली वाट अर्ध्या-पाऊण तासाची. खाली पाण्यापर्यंत उतरते, म्हणजे परतताना चढ आहेच; खाऊ राखून ठेवा. बोटी थोड्या असतात, तेव्हा परतीची वेळ आधी पाहूनच निघा, आणि सुट्टीच्या दिवसांचं वेळापत्रक वेगळं असतं हेही ध्यानात असू द्या.